जुने घर : वाढवावे की दुरुस्त करावे?

जुन्या नाशकात खाली दुकान, वर बिऱ्हाड असे वाडे पुष्कळ. मुलांची लग्ने ठरली की वर एक खोली चढवावी, असे आपल्याला वाटते. आधी हिशेब करू. १० बाय १० फुटांचा ४ इंची स्लॅब सुमारे २३ क्विंटल भरतो. हा भार मातीच्या भिंती व लाकडी खांबांवर टाकला, तर घराबरोबर धंदाही धोक्यात येतो.

खांबांचे बुड आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके टोचून पाहावीत. ओल व वाळवी तिथेच लागते. ती शाबूत असतील तर दुरुस्तीवरचा खर्च सार्थकी लागतो. कुजली असतील तर रंगरंगोटी व्यर्थ. आधी ती बदलावीत.

वाढवायचेच असेल, तर प्रथम अभियंत्याची तपासणी (३० वर्षांवरील इमारतीला ती कायद्यानेही बंधनकारक आहे), मग महापालिकेची परवानगी आणि शेवटी गवंडी. हा क्रम आपण उलटा करू नये.