टेबल माणसाच्या मापाचे हवे



उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचे वजन आणि शेवटी बिल, हे सारे आता संगणकावर चालते. म्हणजे आपल्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या बोटांतून जातो. हंगामात पहाटे तीनला त्याची पाठ आखडलेली असते, डोळे चुरचुरत असतात. अशा वेळी सभासद क्रमांकातला एक आकडा चुकला, तर एकाची खेप दुसऱ्याच्या नावावर पडू शकते. म्हणून तो माणूस कसा बसतो, हा प्रश्न आपलाही आहे.

शेतात हे शास्त्र आपण जाणतो. उंच आणि बुटका बैल एकत्र जुंपले की जू तिरपे बसते आणि मान सोलते. फावड्याचा दांडा आपण गड्याची उंची बघून घालतो. मग कचेरीतले टेबल तेवढे सर्वांना एकच का?

माप कसे घ्यावे?

खुर्चीवर पाठ टेकून बसा. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा. आता जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. बहुतेकांचे माप २३ ते २८ इंचांत येईल. कीबोर्ड याच उंचीवर हवा. बाजारातले टेबल मात्र साधारण ३० इंचांचे असते. त्यावर काम करताना खांदे उचलून धरावे लागतात आणि मान भरून येते. खुर्ची वर घ्यावी, तर पाय लोंबकळतात. तेव्हा पायाखाली फळी द्यावी.

पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. परदेशी मापे आपल्या माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध केले, ते याच गरजेतून.

सुट्या भागांचे टेबल

एका खुर्चीवर तीन पाळ्यांत तीन माणसे बसतात. प्रत्येकाला नवे टेबल देणे परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. भाग सुटे व हलते ठेवले की काम भागते. १९६८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेतून सुटे भाग जोडून उभी करायची कचेरीची मांडणी बाजारात आली. तत्त्व साधे आहे: सांगाडा एक, भाग बदलते.

आपल्या वर्कशॉपला ऑफ सीझनमध्ये हे सहज जमेल. एकात एक सरकणाऱ्या चौकोनी पाइपांचे पाय करावेत, त्यांना इंचा-इंचावर भोके पाडावीत आणि खिळीने उंची पक्की करावी. भोकांशेजारी रंगाने आकडे घालावेत. पाळी बदलली की ज्याने त्याने आपल्या आकड्यावर टेबल आणावे. पडद्यासाठी वेगळा हलता दांडा लावावा. बऱ्याच पडद्यांच्या पाठीला १० सें.मी. चौरसात चार भोके असतात, त्यांत तो बसतो.

जागा तशी मांडणी

वजनकाटा : येथे कारकुनाला गाडी, वजनाचा आकडा आणि पडदा, तिन्हीकडे बघावे लागते. ही तिन्ही शक्यतो समोरच्या टप्प्यात आणावीत. खिडकी पडद्याच्या समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी. नाहीतर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. टेबल उभ्याने काम करण्याइतके वर घेता आले, तर पाठीला आराम मिळतो.

गट कार्यालय : पडदा फिरता असावा. सभासदाला आपली नोंद स्वतः वाचता आली, तर चूक तिथेच दुरुस्त होते आणि हेलपाटा वाचतो.

कंट्रोल रूम : येथे पडदे अनेक असतात. ते अर्धगोलात, डोळ्यांपासून सारख्या अंतरावर मांडावेत. सर्वांत महत्त्वाचा पडदा मधोमध असावा. दिव्याचा उजेड पडद्यावर चमकू देऊ नये.

घर : मुले लॅपटॉपवर अभ्यास करतात. त्याचा पडदा व कीबोर्ड जोडलेले असल्याने एक बरोबर ठेवला की दुसरा चुकतो. लॅपटॉप वह्या-पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून कीबोर्ड आणि माऊस वेगळे जोडावेत.

टेबल कितीही चांगले असले, तरी शरीर एकाच बैठकीसाठी घडलेले नाही. दर वीस मिनिटांनी नजर वीस सेकंद लांब न्यावी आणि तासाभरात एकदा उठून चार पावले चालावे.

पुढचा हंगाम सुरू होण्याआधी काट्यावरच्या व गट कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांची मापे घेऊन ठेवावीत. खर्च थोडा आहे. ज्या हातांवर आपल्या टनांचा भरवसा आहे, ते हात न थकता चालले पाहिजेत.