शुक्राभोवती 'अकात्सुकी' : वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक विज्ञानपाठ

एखादे यान दूरच्या ग्रहाभोवती फिरू लागले, म्हणजे ते पाठविणाऱ्या देशात आनंदोत्सव होतो. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात आणि मुले शाळेत विचारतात, "यान पोचले, ह्यात एवढे विशेष काय?" प्रश्न रास्त आहे. "शास्त्रज्ञांनी मोठे काम केले" एवढ्या उत्तराने मूल गप्प बसते, परंतु त्याची जिज्ञासा भागत नाही. आनंद कशाचा झाला हे समजण्यासाठी अडचण कोणती होती, हे प्रथम समजले पाहिजे. ती समजावून देण्यास जपानच्या 'अकात्सुकी' ह्या यानाची हकीकत विशेष उपयुक्त आहे; कारण हे यान शुक्रापाशी एकदा चुकले आणि पाच वर्षांनी पुन्हा तेथेच येऊन यशस्वी झाले. इयत्ता ६ वी व ७ वी ह्या वर्गांसाठी दोन तासिकांत हा पाठ घेता येईल.

हेतू. ग्रहाजवळ पोचणे व ग्रहाच्या कक्षेत शिरणे ह्यांतील भेद विद्यार्थ्यांस समजावा. तसेच बिघाडाचे कारण शोधून उरलेल्या साधनांनी काम कसे साधता येते, ह्याची त्यांस ओळख व्हावी.

पूर्वज्ञान. शुक्राची चांदणी खेड्यातील मुलांच्या परिचयाची असते. ती कधी सूर्यास्तानंतर पश्चिमेस, तर कधी सूर्योदयापूर्वी पूर्वेस दिसते. मध्यरात्री डोक्यावर कधीच दिसत नाही. ही चांदणी म्हणजे तारा नसून ग्रह आहे, हे प्रश्नोत्तरांनी काढून घ्यावे. 'अकात्सुकी' ह्या जपानी शब्दाचा अर्थ 'पहाट' असा आहे. शुक्राकडे जाणाऱ्या यानास हे नाव का दिले असावे, ह्याचे उत्तर मुले आपण होऊन देतील.

साहित्य. सायकलचा जुना टायर अर्धा कापून, एक गोटी व एक फुगा.

प्रयोग पहिला. टायरचा अर्धा तुकडा, पोकळ बाजू वर करून, दोन मुलांस हातांत उभा धरावयास सांगावा. एका टोकावरून गोटी सोडावी. ती खाली येताना वेग घेते आणि त्याच वेगाच्या बळावर समोरची बाजू चढू लागते. घर्षण नसते, तर ती सोडलेल्या उंचीइतकी वर गेली असती. आणि प्रारंभी तिला थोडा धक्का दिला, तर समोरच्या टोकावरून ती बाहेरही पडते. आता पुन्हा तसाच धक्का देऊन गोटी सोडावी व ती तळाशी आली असता बोटाने हलकेच अडवावी. वेग कमी झाल्यामुळे ती बाहेर न पडता टायरमध्येच मागे-पुढे हेलकावे घेत राहते.

ओढ्याच्या उतारावरून सायकल सोडली, की ती पलीकडचा चढ काही अंतर आपोआप चढते, हा मुलांचा नित्याचा अनुभव आहे. ग्रहाचे आकर्षणही तसेच आहे. ते यानास जवळ ओढते तेव्हा यानाचा वेग वाढतो, आणि त्याच वेगाने यान पलीकडे निघून जाते. "ग्रह यानास पकडून का ठेवीत नाही?" ह्या शंकेचे निरसन येथेच होते. यान ग्रहापाशी राहावे असे वाटत असेल, तर तळाशी, म्हणजे ते ग्रहाच्या अगदी जवळ असता, त्याचा वेग कमी करावा लागतो.

प्रयोग दुसरा. अवकाशात रस्ता नाही, हवा नाही. मग वेग कमी करावयाचा कसा? फुगा फुगवून सोडून द्यावा. हवा एका दिशेस जाते व फुगा उलट दिशेस. यान ज्या दिशेस जात असेल त्या दिशेस इंजिनाचा झोत सोडला, म्हणजे यानाचा वेग मंदावतो.

विषयविवेचन. अकात्सुकी दि. २१ मे २०१० रोजी जपानमधील तानेगाशिमा येथून निघाले. सुमारे २ लक्ष ६० हजार लोकांची नावे व संदेश अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर कोरून यानासोबत पाठविले होते. त्यामुळे ह्या प्रवासाकडे केवळ शास्त्रज्ञांचेच नव्हे, तर असंख्य अंतराळप्रेमींचेही डोळे लागले होते.

दि. ७ डिसेंबर २०१० रोजी यान शुक्रापाशी पोचले. मुख्य इंजिन सुमारे १२ मिनिटे चालावयाचे होते. ते सुमारे अडीच मिनिटांतच बंद पडले. वेग पुरेसा कमी झाला नाही. यान शुक्राजवळून निघून गेले आणि सूर्याभोवती फिरू लागले. ह्यापूर्वी जपानचे मंगळाकडे निघालेले 'नोझोमी' हे यानही २००३ मध्ये अयशस्वी ठरले होते. पुन्हा अपयश आल्याने लोकांची किती निराशा झाली असेल, ह्याची कल्पना करता येईल.

'जाक्सा' ह्या जपानी अंतराळ संस्थेने बिघाड कोठे झाला ह्याचा कसून शोध घेतला. इंधनाच्या मार्गातील एका झडपेत क्षार साचून ती नीट उघडली नव्हती. इंधन कमी पडल्याने ज्वलनाचे प्रमाण बिघडले, उष्णता अतोनात वाढली व इंजिनाचे तोंड मोडले. २०११ मध्ये इंजिन चालवून पाहिले, तेव्हा त्याचा जोर अगदीच अल्प भरला. मुख्य इंजिनाचा नाद सोडून द्यावा लागला.

उरली ती यानाची दिशा वळविण्यासाठी बसविलेली लहान इंजिने. त्यांस ज्वलनसाहाय्यक द्रव्य लागत नसे, म्हणून मुख्य इंजिनासाठी राखलेले ते द्रव्य बाहेर टाकून यान हलके करण्यात आले. नवा मार्ग गणिताने निश्चित केला. मधल्या काळात यान सूर्याच्या अपेक्षेहून अधिक जवळ जाऊन तापत होते. साडेचार वर्षांसाठी घडविलेले हे यंत्र टिकेल की नाही, ह्याची शाश्वती नव्हती.

दि. ७ डिसेंबर २०१५ रोजी, बरोबर पाच वर्षांनी, चार लहान इंजिने २० मिनिटे २८ सेकंद चालविली. दोन दिवस मार्ग मोजून पाहिल्यानंतर दि. ९ रोजी यश जाहीर झाले. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे ते जपानचे पहिले यान ठरले. अंतराळप्रेमींनी साजरा केलेला आनंद हा पाच वर्षे वाट पाहिल्याचा आनंद होता.

फळ्यावरील गणित. मुख्य इंजिनाचा जोर ५०० न्यूटन. लहान इंजिनाचा २३ न्यूटन. चार लहान इंजिनांचा मिळून जोर किती? (४ × २३ = ९२ न्यूटन, म्हणजे मुख्य इंजिनाच्या एक-पंचमांशाहूनही कमी.) मूळ योजनेत यान शुक्रापासून जास्तीत जास्त सुमारे ८० हजार कि.मी. दूर जावयाचे होते. प्रत्यक्षात ते सुमारे ४ लक्ष ४० हजार कि.मी. दूर जाऊ लागले. असे का व्हावे? टायर व गोटी पुन्हा हाती द्यावी. बोटाने कमी अडविलेली गोटी अधिक वर चढते, परंतु बाहेर पडत नाही, हे मुलांनी स्वतः पाहून सांगावे.

संकलन. कक्षा मोठी मिळाली, तरी काम थांबले नाही. शुक्राच्या ढगांत सुमारे १० हजार कि.मी. लांबीची धनुष्याकृती रचना अकात्सुकीने टिपली. शुक्र स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांत करतो, तर त्याचे वरचे ढग सुमारे ४ दिवसांत त्यास वळसा घालतात. ह्या प्रचंड वाऱ्यांचा अभ्यासही यानाने केला. एप्रिल २०२४ अखेर त्याच्याशी संपर्क तुटला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोहीम समाप्त झाल्याचे घोषित झाले.

उपयोजन. (१) दिनदर्शिका पाहून शुक्र कोणत्या वेळी दिसतो हे शिक्षकाने ठरवावे व मुलांकडून एक महिना निरीक्षणवही लिहून घ्यावी. सूर्य क्षितिजावर असता त्या दिशेस पाहू देऊ नये. (२) प्रत्येक विद्यार्थ्याने आपले चुकलेले एक उदाहरण घ्यावे, नेमकी कोणती पायरी चुकली ती शोधून तिच्याखाली रेघ मारावी आणि तेथून पुढे ते उदाहरण पुन्हा सोडवावे.

दुसऱ्या स्वाध्यायाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. पटसंख्या मोठी असली, की वही तपासताना चुकीवर फुली मारून पुढे जाणे घडते. फुली पाहून उत्तर चुकले एवढेच मुलास कळते. आधीच्या किती पायऱ्या बरोबर होत्या हे कळत नाही. दर आठवड्यास निदान पाच वह्या तरी चुकीची पायरी दाखवून परत कराव्यात. मागे पडलेली मुले कोणत्या पायरीवर अडतात ह्याची नोंद त्यातून आपोआप होईल, आणि पुढील पाठाची आखणी त्या नोंदीवरून करता येईल.