घरातील माहितीसाठ्याचे यंत्र : निवड व उपयोग

एका पिढीपूर्वी कुटुंबातील मोलाच्या कागदांना एक ठरलेली जागा असे. खरेदीखत, गुणपत्रिका, लग्नातील छायाचित्रांचा आल्बम हे सारे एका ट्रंकेत मावे. आज हीच संपत्ती दोनचार मोबाइल फोनांत, एका जुन्या लॅपटॉपमध्ये आणि खणात पडलेल्या पेनड्राइव्हवर विखुरलेली असते. फोन हरवला किंवा लॅपटॉपमधील डिस्क बंद पडली, की कित्येक वर्षांचा कौटुंबिक इतिहास एका क्षणात नाहीसा होतो. ही विखुरलेली माहिती एके ठिकाणी आणून ठेवण्यासाठी जे यंत्र बाजारात मिळते, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नास’ असे म्हणतात. ते निवडताना कशाचा विचार करावा, हे येथे पाहावयाचे आहे.

नास म्हणजे वस्तुतः एक लहानसा संगणकच होय. त्याला पडदा नसतो व कळफलकही नसतो. आत एक प्रोसेसर, थोडी स्मृती आणि हार्ड डिस्क बसविण्याचे दोन किंवा चार खण असतात. केबलने ते राउटरला जोडले, म्हणजे घरातील प्रत्येक फोनला, संगणकाला व दूरचित्रवाणी संचाला त्यातील साठा वापरता येतो. या डिस्कांच्या धारणशक्तीची कल्पना येण्यास मागे पाहावे लागते. १९५६ साली आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या पहिल्या चुंबकीय डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या साऱ्यांवर मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. आज फोनने काढलेले एक छायाचित्रही साधारण तेवढीच जागा घेते.

असे यंत्र घेणाऱ्याच्या मनात बहुधा दोन हेतू असतात : मोलाच्या माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवणे आणि चित्रपट व गाणी घरभर पाहता-ऐकता येणे. हे दोन हेतू एका पेटीत नांदत असले, तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. चित्रपट गेला तर पुन्हा मिळू शकतो. निवर्तलेल्या आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पुन्हा मिळत नाही. आता थोडा हिशेब करू. एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरले, तर ५०,००० छायाचित्रांना २०० गिगाबाइट जागा लागेल. उलट दोन तासांचा एक चित्रपट सेकंदाला ८ मेगाबिट या गतीने साठविला, तर त्याला सुमारे ७ गिगाबाइट लागतात. असे ५०० चित्रपट म्हणजे साडेतीन टेराबाइट झाले. अर्थात जे पुन्हा मिळण्यासारखे आहे तेच जागा अडविते आणि जे अमोल आहे ते एका कोपऱ्यात मावते. म्हणूनच त्या कोपऱ्याच्या दोन-तीन जादा प्रती करणे मुळीच खर्चाचे नाही.

जाहिरातींत वेगाचे आकडे ठळक छापलेले असतात. घरातील उपयोगासाठी ते बहुतेक गैरलागू ठरतात. राउटरच्या साध्या गिगाबिट केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माहिती वाहू शकते. वर सांगितलेल्या चित्रपटास सेकंदाला एकच मेगाबाइट पुरे होतो. अडचण येते ती वाय-फायच्या वाटेवरील भिंतींपाशी, डिस्कपाशी नव्हे. दुसरी अडचण सांकेतिक रूपांतराची. चित्रपट ज्या सांकेतिक पद्धतीने साठविलेला असतो, ती दूरचित्रवाणी संचास उमगत नसेल, तर नासच्या प्रोसेसरला तो चालू असतानाच दुसऱ्या पद्धतीत बदलून द्यावा लागतो. हे काम कष्टाचे आहे आणि स्वस्त यंत्रे येथेच अडखळतात. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी आपला संच कोणत्या पद्धती ओळखतो, हे पाहावे. तो सर्व ओळखत असेल, तर महागड्या प्रोसेसरवर पैसे घालविण्याचे कारण उरत नाही.

खणांची संख्या किती असावी, हा यापुढचा प्रश्न. दोन खण असले, तर दोन्ही डिस्कांवर तीच माहिती एकाच वेळी लिहिता येते. एक बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते. तीन किंवा अधिक डिस्क असतील, तर अधिक काटकसरीची युक्ती वापरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे अशा रचनांना ‘रेड’ हे नाव मिळाले. युक्ती शाळकरी मुलासही करून पाहता येईल अशी आहे. समजा, पहिल्या डिस्कवर १ ० १ १ हे अंक आहेत व दुसरीवर ० ० १ ० आहेत. तिसरीवर असे अंक लिहावयाचे, की प्रत्येक स्तंभातील एकांची संख्या सम होईल. ते अंक १ ० ० १ असे येतात. आता पहिली डिस्क नष्ट झाली असे माना. उरलेल्या दोहोंतील पहिल्या स्तंभात ० व १ आहेत. एकांची संख्या सम होण्यासाठी हरवलेला अंक १ असलाच पाहिजे. दुसऱ्या स्तंभात दोन्ही शून्ये, म्हणून हरवलेला अंक ०. याप्रमाणे संपूर्ण डिस्क पुन्हा उभी करता येते. प्रत्यक्षात हे पडताळ्याचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर वाटून लिहितात. मात्र पुनर्रचनेला वेळ लागतो : ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी ११ तास हवेत.

डिस्क घेताना आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. काही डिस्कांवर माहितीच्या रेषा कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढविलेल्या असतात. जागा वाचते, पण एक रेषा बदलावयाची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि पुनर्रचनेचे काम रेंगाळते. अशा काही डिस्क नाससाठी म्हणून, तसे स्पष्ट न सांगता विकल्या गेल्याचे २०२० साली उघड झाले. खरेदीपूर्वी उत्पादकाच्या तक्त्यात हे तपासावे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. दोन डिस्क असणे म्हणजे राखीव प्रत असणे नव्हे. चुकून एखादा फोल्डर पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. घरात आग लागली, पुराचे पाणी शिरले किंवा चोराने पेटीच उचलून नेली, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या घरगुती यंत्राच्या अनेक मालकांना आपला साठा रिकामा झालेला आढळला. इंटरनेटवरून कोणीतरी यंत्रे मूळ कोऱ्या स्थितीत नेली होती. त्यांच्या सॉफ्टवेअरची शेवटची सुधारणा २०१५ सालची होती. उत्पादक किती वर्षे सुधारणा पुरवितो हे खणांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे आहे. आणि इंटरनेटवरून यंत्रापर्यंत येणारी वाट सरळ उघडी ठेवू नये.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा : प्रती तीन, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. मूळ छायाचित्रे फोनवर, दुसरी प्रत नासमध्ये आणि तिसरी गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवलेल्या बाह्य डिस्कवर, एवढ्याने तो पाळला जातो. इंटरनेटवरून प्रत पाठविणाऱ्याने पहिल्या वेळी धीर धरावा; सेकंदाला २० मेगाबिट या गतीने एक टेराबाइट जाण्यास साडेचार दिवसांहून अधिक लागतात. फायलींच्या मागील अवस्था ठराविक अंतराने जतन करणारी ‘स्नॅपशॉट’ची सोय ज्या यंत्रात असेल ते पसंत करावे, म्हणजे चुकून पुसलेले परत आणता येते.

आपल्याकडे विजेचा विचार टाळता येत नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर साठ्याची नोंदवही बिघडू शकते. म्हणून लहानसा यूपीएस यंत्राबरोबरच घ्यावा. वीज गेल्याची सूचना त्याने यंत्रास द्यावी आणि यंत्राने आपण होऊन नीट बंद व्हावे, अशी जोडणी असावी. २० वॅट खाणारे यंत्र अहोरात्र चालले तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात. ते बंद कपाटात कोंडू नये. उष्णता व धूळ यांपासून दूर, पण वारा लागेल असे ठेवावे.

राखीव प्रत चालते की नाही, हे परत आणून पाहिल्याखेरीज कळत नाही. सहा महिन्यांतून एकदा बाहेरच्या प्रतीतील एखादे जुने छायाचित्र दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावे. साठा कुलूपबंद केलेला असेल, तर त्याचा पासवर्ड एकट्या कर्त्या माणसाच्याच डोक्यात राहता कामा नये. तो कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवावा आणि तो कोठे आहे, हे घरातील आणखी एकाला दाखवून ठेवावे.