व्होल्ट तेवढेच, अँपिअर जास्त चालतील

बाबू, नवा लॅपटॉप घेऊन नागपूरला चाललास, तर आधी अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' लिहिलंय ना? म्हणून आपल्या नाकाडोंगरीत धानाच्या मोटारी सुरू होऊन दिवे पिवळे पडले तरी तो कुरकुरत नाही. त्याखाली 'आउटपुट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर'. गुणाकार केलास की ६५ वॅट.

अडॅप्टर हरवला आणि तुमसरला दुसरा घ्यायला गेलास, तर व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त अँपिअरनं लॅपटॉप जळतो असं कुणी सांगेल, ऐकू नको गा. अँपिअर लॅपटॉप हवे तेवढेच ओढतो. व्होल्ट मात्र अडॅप्टरनं दिले तेवढे सोसावे लागतात. नुसती पिन बसली म्हणून भुलू नको, धन आत आणि ऋण बाहेर हे चिन्हही जुळव. अँपिअर कमी पडले तर अडॅप्टर तापतो, आणि जड काम काढलं की प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते, कारण कमी पडलेली वीज बरेच लॅपटॉप बॅटरीतून घेतात. अशा वेळी लोक उगाच बॅटरी बदलून येतात.

टाइप-सी असेल तर सुरुवात ५ व्होल्टनं होते, मग अडॅप्टर आणि लॅपटॉप आपसात ठरवून ९, १५, २० पर्यंत चढतात. त्यात केबलही मोजायची. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. चार्जर १०० वॅटचा घेऊन साधी केबल लावलीस, तर पैसे फुकट.

आपण अडॅप्टरला चार्जर म्हणतो, पण बॅटरी भरण्याचा कारभार लॅपटॉपच्या आतल्या सर्किटकडे असतो. लिथियमचा एक सेल ३.६-३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की साधारण ४.२. असे तीन ओळीनं जोडले तर भरल्यावर १२.६. आलेले १९ व्होल्ट सर्किट खाली उतरवतं आणि धानाचं पोतं भरावं तशी बॅटरी भरतं: आधी घमेल्यानं भराभर, तोंडाशी आलं की मूठमूठ. म्हणून ८० टक्के झटक्यात होतात आणि शेवटचे २० रेंगाळतात. भरली की सर्किट हात आखडतं, पुढे लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो.

तेव्हा रात्रभर लावून ठेवला म्हणून काही फुटत नाही. पण काठोकाठ भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि आपला नवतपा तुला ठाऊक आहे. टिनाच्या खोलीत, गोधडीवर ठेवून चार्ज करू नको. खालची हवेची जाळी बंद होते. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लाव. सुट्टीत महिनाभर पडून राहणार असेल तर अर्धी भरून ठेव.

'पूर्ण उतरव, मग भर' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या सेलचा. आमच्या पिढीला तर भरायची बॅटरीच ठाऊक नव्हती. शेजारच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कारखान्यांना जातं. ते सेल टॉर्चमध्ये घालायचे, संपले की फेकायचे. लिथियम-आयन १९९१ साली जपानच्या सोनीनं बाजारात आणली, तिचा स्वभाव वेगळा. ती पार उतरली की खराब होते. २० टक्क्यांवर आली की प्लग लाव.

होस्टेलवर धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर अर्थिंग तपासून घे. तिसरी पिन नडते म्हणून कापू नको. आपल्याकडे ही खोड फार. आभाळ कडाडायला लागलं की प्लग काढ आणि बॅटरीवर काम कर. लाइन गेली तरी अर्धवट लिहिलेलं तिच्यामुळेच वाचतं.

टचपॅड वर उचललं गेलं किंवा झाकण नीट मिटेना, तर आत बॅटरी फुगलीय असं समज. लगेच बंद कर, प्लग काढ. दाबून बघू नको, टोचू तर अजिबात नको. बदलायचं काम दुकानदारालाच करू दे. आणि जुनी कचऱ्यात टाकू नको. २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन विल्हेवाट लावणं बनवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक केलंय, तेव्हा नवी घेतानाच दुकानात विचार, जुनी कुठे जमा करायची.