बीदरचा मदरसा

लातूर जिल्ह्यातील उदगीरहून आग्नेयेला गेले, की कर्नाटकातील बीदर शहर लागते. पंधराव्या शतकात बीदर ही बहामनी राज्याची राजधानी झाली. आजचा नांदेड-लातूरचा प्रदेश याच राज्यात होता.

त्याआधी राजधानी गुलबर्ग्याला होती. तेथील सुलतान फिरोजशहा विद्येचा मोठा चाहता होता. त्याने १४०७ च्या सुमारास दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली. परंतु ते काम पाहणारे खगोलशास्त्रज्ञ हकीम हसन गिलानी वारले आणि काम अर्धवटच राहिले.

पुढे महमूद गवान या राज्याचे वजीर झाले. ते मूळचे इराणमधील गिलानचे. व्यापारी म्हणून ते दाभोळ बंदरात उतरले व बीदरला आले. १४७२ मध्ये त्यांनी बीदरला तीन मजली मदरसा बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत, चकचकीत फरशा बसवल्या. आत वर्ग, मशीद आणि ग्रंथालय होते. शिक्षक व विद्यार्थी यांच्या राहण्याचीही सोय होती. ग्रंथालयात सुमारे ३००० ग्रंथ होते, असे सांगतात.

गवान यांचा मोठेपणा दरबारातील काहींना सहन झाला नाही. त्यांनी गवान यांच्या शिक्क्याचे एक खोटे पत्र तयार केले. वजीर ओडिशाच्या राजाला फितूर आहेत, असे त्यातून भासवले. सुलतान मुहम्मदशहाने चौकशी न करताच १४८१ मध्ये त्यांना ठार करवले. वर्षभरातच सुलतानही मरण पावला.

मदरसा मात्र उभा राहिला. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने त्याचा मोठा भाग कोसळला. तरी एक उंच मिनार आणि काही रंगीत फरशा आजही दिसतात. खोट्या पत्राने गवान यांचा जीव घेतला. पण त्यांची खरी पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या फारसी ग्रंथात आजही वाचता येतात.

शब्दार्थ
वेधशाळा – रसदगाह
ग्रंथालय – कुतुबखाना
शिक्का – मुहर
फितूर – शत्रूला मिळालेला, गद्दार

स्वाध्याय
१. दौलताबादजवळची वेधशाळा अर्धवट का राहिली?
२. मदरशात कोणकोणत्या सोयी होत्या?
३. सुलतानाने कोणती चूक केली? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?
४. आपल्या गावाजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीची माहिती पाच वाक्यांत लिहा.