जुन्या मोटारीचे शॉक ॲब्सॉर्बर : खर्चाचा हिशेब

मोटार जुनी झाली म्हणजे दुरुस्तीचा प्रत्येक खर्च मालकाला विचारात पाडतो. इंजिन बंद पडले तर निर्णय आपोआप होतो, कारण गाडी चालतच नाही. शॉक ॲब्सॉर्बरचे तसे नाही. ते हळूहळू निकामी होतात, गाडी चालत राहते आणि म्हणून त्यांचा खर्च पुढे ढकलला जातो. हा खर्च कशाकशाचा बनतो आणि तो केव्हा करणे योग्य ठरते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम या भागाचे कार्य पाहू. गाडीचे वजन स्प्रिंगा पेलतात. चाक खड्ड्यातून गेले की स्प्रिंग दाबली जाते आणि सुटल्यावर वरखाली होत राहते. ही आंदोलने शमविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमधील बोलीत ‘शॉकअप’, करतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते व त्यात एक दट्ट्या सरकतो. बारीक छिद्रांतून व झडपांतून तेलाला वाट काढावी लागते. या विरोधामुळे गतीचे उष्णतेत रूपांतर होऊन आंदोलने थांबतात. तेल गळू लागले किंवा झडपा झिजल्या की हा विरोध घटतो आणि चाक रस्त्याला धरून न राहता उडू लागते. उडालेल्या चाकावर ब्रेकचाही ताबा राहत नाही आणि स्टिअरिंगचाही. टायर जागोजागी खोलगट झिजतात. तेव्हा शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे निव्वळ आरामाची सोय, ही समजूत चुकीची होय.

आता बेंगळुरूमधील मारुती ८०० या गाडीचे उदाहरण घेऊ. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली. १ एप्रिल २०१० पासून बेंगळुरूसह १३ शहरांत धुरासंबंधीचे ‘भारत-४’ नियम लागू झाले व त्या शहरांत तिची विक्री थांबली. म्हणजे बेंगळुरूत नवी घेतलेली अशी प्रत्येक गाडी आज १५ वर्षांहून जुनी आहे. शहरातील गतिरोधकही येथे विचारात घ्यावे लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला असतो. याहून अरुंद व उभा उंचवटा तोच धक्का फार थोड्या वेळात देतो आणि त्याचा भार शॉक ॲब्सॉर्बरवर पडतो.

या गाडीच्या पुढील चाकांना ‘मॅकफर्सन स्ट्रट’ आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. तिच्यात स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात बसविलेले असून चाकाचा आधारही त्यालाच जोडलेला असतो. मागील शॉक ॲब्सॉर्बर मात्र सुटे असतात व थोडे बोल्ट काढले की निघतात. त्यामुळे मागील कामाची मजुरी कमी, तर पुढील कामाची अधिक पडते. स्ट्रट उघडताना दाबलेली स्प्रिंग विशेष साधनाने धरून ठेवावी लागते. ती निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हे काम घरी करू नये. स्ट्रट बसविल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासणे आवश्यक असते. वरचे माउंट, बेअरिंग, रबरी बुश व धूळरोधक आवरण जुनाट झाले असल्यास तेही त्याच वेळी बदलावे. नंतर बदलल्यास तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. एकाच आसावरील दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत, नाहीतर दोन बाजूंचा विरोध असमान होतो.

सुट्या भागांसाठी बेंगळुरूचा जे. सी. रोड प्रसिद्ध आहे. शॉक ॲब्सॉर्बर बनविणाऱ्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीचा एक कारखाना जवळच होसूर येथे आहे. बाजारात नव्या मालाबरोबर तेल बदलून व रंग देऊन विकला जाणारा दुरुस्त मालही मिळतो. या दोहोंतील निवड केवळ किमतीवरून करू नये.

हिशेबाची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चारही नव्या शॉक ॲब्सॉर्बरना १०,००० रुपये व मजुरी-अलाइनमेंटला ५,००० रुपये लागले. गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर चालते व आणखी पाच वर्षे वापरावयाची आहे. एकूण ३०,००० किलोमीटरवर हा खर्च विभागला की किलोमीटरमागे ५० पैसे पडतात. दुरुस्त माल ४,००० रुपयांना मिळाला, पण वर्षभरच टिकला, तर मजुरी तेवढीच धरून ९,००० रुपये ६,००० किलोमीटरवर पडतात, म्हणजे किलोमीटरमागे दीड रुपया. स्वस्त वाटलेला माल तिप्पट महाग ठरला. परंतु गाडी एका वर्षातच काढून टाकावयाची असेल, तर नव्या मालाचा खर्चही किलोमीटरमागे अडीच रुपये होतो.

म्हणून खर्चापूर्वी मालकाने गाडीचे उरलेले आयुष्य ठरविले पाहिजे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते. ही मुदत हिशेबाला सोयीचे माप पुरविते. सांगाड्याला, विशेषतः स्ट्रट जेथे बसतो त्या भागाला, गंज लागला आहे काय, हेही आधी पाहावे. तेथे पत्रा खाल्ला गेला असेल तर नवे स्ट्रट बसविणे व्यर्थ होय. सांगाडा धड असेल, तर जुनी गाडी हे खर्च टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. गाडी विकून टाकण्याचे ठरले तरी, ती रस्त्यावर असेपर्यंत तिचे चाक रस्त्याला धरून राहिलेच पाहिजे. कारण त्याची किंमत आत बसलेल्यांबरोबर रस्त्यावरील पादचाऱ्यालाही मोजावी लागते.