सतारीची आस आणि घराची घरघर

चि. सईस,


तुझी यमनची फाइल हेडफोन लावून ऐकली. आलाप स्वस्थ झाला आहे, मींड स्वरावर नेमकी पोचते. पण स्वर विरायला लागला की मागून सरसर वर येते आणि तिच्याखाली एक जाड गुणगुण सतत चालू असते. नवा माइक घेऊ का, असं विचारलंस. आत्ता नको. माइकचा स्वतःचा आवाज किती, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. रोड कंपनीच्या एनटी१-ए माइकचा तो 5 डेसिबल आहे, आणि शहरातली खोली रात्रीसुद्धा सहसा 25-30 च्या खाली उतरत नाही. एवढी खोली बोलत असताना माइक कितीही गप्प असला तरी काय उपयोग?

तेव्हा आधी खोली ऐक. माइक नेहमीच्या जागी लाव, सतार बाजूला ठेव आणि रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करून ते मोठ्या आवाजात लाव. रोजच्या सवयीने कानाआड झालेली मंडळी एकेक करून पुढे येतील: फ्रिजचा काँप्रेसर, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, लॅपटॉपचा पंखा. एकेक बंद कर आणि फरक ऐक. फ्रिज तासभर बंद राहिला म्हणून दूध नासत नाही, पण तो परत लावायचं नक्की विसरशील. शूटिंगवरचे साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. तू स्कूटरची ठेव.

सगळं बंद करूनही गुणगुण उरली, तर ती हवेतून नाही, तारेतून येते आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती 50 आणि 100 च्या आसपास घुमते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघ. माइकची केबल विजेच्या वायरीला समांतर पसरू नकोस आणि मोबाइल खोलीबाहेर ठेव.

आता अंतर. सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे आणि तो फुकट आहे. फोटोत तुझा माइक सतारीपासून निदान दोन फूट दिसतो. तो एका फुटावर आण. अंतर निम्मं झालं की सतार सुमारे 6 डेसिबलनी वर येते, पंखा मात्र होता तिथेच राहतो. गेन वाढवून हे साधत नाही, कारण त्याने दोघेही सारखेच चढतात. माइकचं तोंड घोडीवर थेट रोखू नकोस, नखीचा टणत्कार फार येईल. घोडी आणि दांडीचा सांधा यांच्या मधल्या तबलीकडे जरा तिरकं धर. अगदी वीतभरावर नेलंस तर बोटांची घासाघीस आणि नको तेवढा खर्ज येईल. तुझा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. रस्त्याकडची खिडकी त्याच्या पाठीशी येईल अशी बस. 24 बिटवर रेकॉर्ड करतेस, तेव्हा जोरकस झालासुद्धा उणे 12 पर्यंत पोचला तरी पुष्कळ झालं.

माइकवरच्या लो-कटच्या बटणाचा मोह आवर. तुझा षड्ज काळी एकचा, म्हणजे खरजाची तार 69 हर्ट्झच्या आसपास बोलते. 80 चा कट लावलास तर रस्त्याची घरघर कमी होईल, पण खरजही पोकळ होईल. लावायचाच तर संपादनात 40 च्या आसपास लाव.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस, ती निव्वळ दंतकथा आहे. तुझ्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगल्यास तर खोलीचा घुमारा मरतो, आणि तेवढं पुरे. बाहेरचा हॉर्न मात्र गोधडी अडवत नाही. तो खिडकीच्या फटींतून येतो, त्या बुजव. वेळही बदल. यमनचा प्रहर म्हणजे नेमकी इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ. समयाचं शास्त्र मैफलीसाठी राखून ठेव आणि रेकॉर्डिंग रात्री उशिरा कर. पहाटेवर विसंबू नकोस; चैत्र-वैशाखात कोकीळ तुझ्या आधी उठतो.

तू स्वतःही आवाज करतेस बरं का. बांगड्या उतरव, सळसळणारी ओढणी नको. बोलणं, खोकणं झालं की तरफा हलकेच वाजत राहतात. सुरुवात करण्यापूर्वी त्यांच्यावर हात ठेवून त्या शांत कर. तंबोरा हेडफोनमध्ये ऐक, तोही एकाच कानात, आणि हेडफोन बंद बनावटीचा घे, नाहीतर तंबोरा माइकमध्ये झिरपेल. नंतर तंबोऱ्याचा वेगळा ट्रॅक मिसळ. उरलेली बरीचशी सरसर त्याच्याखाली झाकली जाते.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. ऑडॅसिटीला खोलीचा नमुना दिला की ते सरसर पुसतं, पण जवारीची चमक आणि सरसर एकाच पट्टीत राहतात, आणि तरफांची शेवटची आस त्या सरसरीइतकीच बारीक असते. त्या यंत्राला यातलं कुठलं आपलं, हे कसं कळणार? 5-6 डेसिबल काढलेस तर खपून जातं. 20 काढायला गेलीस तर प्रत्येक आसेच्या टोकाला पाण्याचे बुडबुडे ऐकू येतात, आणि मग मला ती सरसरच बरी वाटते.

पुढची फाइल पाठवताना सुरुवातीला रिकाम्या खोलीची दहा सेकंदं ठेव आणि काहीही न पुसता पाठव. खरजातला आलाप जरा लांबव. या वेळी तिथून फार लवकर वर आलीस.

तुझा,
मामा